मामांचा बावीस नंबरचा वॉर्ड

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका शहराने गेल्या पन्नास वर्षांत अध्यक्षपदासाठी कुणाला मतं दिली, हे तिथल्या महापौरालाही आमच्या हिच्या मामांइतकं ठाऊक नसेल, असं मी पैजेवर सांगतो. मामा अमेरिकेला कधी गेले नाहीत. दुबईतल्या देरा भागात, कस्टममधून माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे ते क्लार्क होते आणि दोन मल्याळी गृहस्थांबरोबर एका खोलीत राहत. पण त्यांची धाकटी बहीण, म्हणजे हिची मावशी, त्या शहरात नर्स होती आणि दर निवडणुकीनंतर तिथल्या वर्तमानपत्रातलं वॉर्डवार निकालांचं पान पोस्टाने पाठवायची. तेवढ्यावर मामांनी ते शहर कायमचं आपलं करून टाकलं होतं.

दर शुक्रवारी ते शारजाला आमच्याकडे जेवायला येत ते काखेत त्या शहराच्या नकाशांची गुंडाळी घेऊनच. ब्याण्णवच्या निकालाच्या नकाशावर एकदा हिच्या हातून मटणाचा रस्सा सांडला, तर दोन आठवडे फिरकले नाहीत. रंगवायला ऑफिसातल्या लाल आणि हिरव्या पेन्सिली, एकेका पक्षाला एक. पुढे टीव्हीवाल्यांनी लाल-निळ्याची जोडी पक्की केली तेव्हा आमचा मुलगा म्हणाला, "आजोबा, इट्स सपोज्ड टू बी ब्लू." मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की टीव्ही आत्ता शिकतोय, माझे नकाशे जुने आहेत. हिरवा हिरवाच राहिला. मग आम्हाला पुन्हा एकदा सगळा इतिहास ऐकावा लागे: तिथल्या लोकांच्या आजोबांच्या काळापासून हे शहर डोळे मिटून हिरवं, मग काळ्या लोकांच्या मताच्या हक्काचा प्रश्न आला तसे गोरे मतदार फिरले आणि बघता बघता शहर लाल झालं, मग तेच लोक गावाबाहेर मोठ्या बंगल्यांत राहायला गेले आणि मधला भाग परत हिरवा होत चालला. कोण बदललं ते नंतर, आधी कोण कुठे राहायला गेलं ते बघायचं, असा त्यांचा नियम होता. फक्त मावशीचा बावीस नंबरचा वॉर्ड दर वेळी थोडक्या मतांनी इकडून तिकडे जायचा, आणि मामांचा जीव त्याच्यात अडकलेला असायचा.

हे वेड आम्हाला हसण्यासारखं वाटे, कारण आम्हाला त्यातली गोम माहीत नव्हती. ती हिच्या आईने सांगितली. नव्वदीतल्या एका लोकसभेला मामा वर्षाची सगळी रजा एकदम टाकून वसईला गेले होते, केवळ मत द्यायला. इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास रांगेत उभे राहिले, तर यादीत नावच नाही. यादीवाला घरी आला तेव्हा थोरल्या भावाने मोठ्या अभिमानाने त्याला सांगितलं होतं, तो दुबईला असतो, आणि नाव कापलं गेलं. मामा भावाशी भांडले नाहीत. परत येऊन त्यांनी नव्या पेन्सिली घेतल्या.

मावशी तिकडची नागरिक झाली तरी मतदानाला जात नव्हती, बारा तासांची ड्यूटी हे कारण. दोन हजार चारच्या निवडणुकीत मात्र मामा हट्टालाच पेटले. महिनाभर रोज फोन कार्ड खरवडून तिला फोन. तिने ड्यूटीचं सांगितलं, तर तिनेच पाठवलेल्या पानांतून यांनी शोधून काढलं की तिथे आठवडाभर आधीही मत देता येतं. शेवटच्या फोनला मी शेजारीच बसलो होतो.

"कुणाला देतेस ते मला सांगू नकोस," मामा म्हणाले, "पण आपल्या घरातलं एक तरी मत कुठेतरी पडू दे."

पलीकडून 'बघू' असं काहीतरी आलं; इकडे आखातात अशा टोलवाटोलवीला इन्शाल्लाच म्हणतात. मग मामा म्हणाले, "इन्शाल्ला नाही, हो म्हण." ती हो म्हणाली असावी, कारण त्या दिवशी ते जेवले पोटभर.

त्या वर्षीचं पाकीट आलं त्यात पानाबरोबर एक छोटं गोल स्टिकर होतं, मत दिलेल्यांना तिथे मिळतं ते. मावशीने कोटावरून काढून कागदावर चिकटवून पाठवलं होतं. मामांनी ते अलगद सोडवून बोटावर धरलं. मुलाने विचारलं, "आजोबा, डिड यू वोट?"

"नाही रे," मामा म्हणाले. "पण थोडा वेळ लावू का?"

मला त्यांच्याकडे बघवेना. चहा होईपर्यंत ते खिशावर स्टिकर लावून बसले होते, पाठ ताठ, रांगेत उभे असल्यासारखे. मग त्यांनी ते काढलं, पान बघून नवा नकाशा रंगवला आणि स्टिकर बावीस नंबरवर चिकटवलं. खालचा रंग झाकला गेला, आणि तो वॉर्ड त्या वर्षी लाल होता की हिरवा, हे मामांनी नंतर कधीच सांगितलं नाही.