भावोजी आणि सैल पडणारे स्क्रू

जगातली प्रत्येक वस्तू सैल होण्याच्या बेतात आहे आणि ती सैल होण्याआधी आपण तिथे पोचलं पाहिजे, अशा घाईत ज्याचा सबंध जन्म गेला असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा निघाला. आमचे भावोजी कुणाच्याही घरी गेले तरी आधी दाराची बिजागरी हलवून बघत, मग चपला काढत. पाहुणे म्हणून बसायला खुर्ची दिली की ती उलटी करत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे हातात अक्षता घेऊन नवरानवरीकडे बघत होते आणि भावोजी वर पंख्याकडे बघत होते. त्यांचं बघून शेजारचे बघू लागले, मग त्यांच्या शेजारचे, आणि शेवटी भटजीही एक ओळ विसरून वर बघू लागले. 'सावधान' झाल्या झाल्या भावोजींनी शिडी मागवली, रेशमी धोतर खोचून वर चढले आणि पंख्याच्या बोल्टमध्ये खिशातली एक स्प्लिट पिन अडकवून खाली उतरले. माझ्या सासरच्यांनी हळूच विचारलं, "हे वायरमन का?" अक्काने मान खाली घातली. पंखा मात्र तो हॉल पाडेपर्यंत पडला नाही म्हणतात.

आमच्या कानडी मुलखातल्या शहरात, शिवाजीनगरला बाजाराच्या मागे त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीची इंजिनं, लष्करातून लिलावात निघालेल्या मोटरसायकली, जे जे थरथरतं ते ते तिथे दुरुस्तीला येई. थरथरीने नट कसा आपोआप उलटा फिरत जातो हे भावोजी इतक्या दुःखाने सांगत की ऐकणाऱ्याला कुणी नातेवाईक बिघडल्यासारखं वाटे. त्यावर उपाय म्हणून स्क्रूच्या आट्यांना काय काय लावायचं याच्या बाटल्यांची एक फळीच त्यांच्याकडे होती. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, सफेदा, व्हार्निश, आणि आणखीही काही, ज्यांची नावं त्यांनाच ठाऊक. कुठल्या स्क्रूला कुठली बाटली हे ठरवायला त्यांचा एकच प्रश्न असे: "परत कधी खोलायचं?" पुढच्या महिन्यात खोलायचं असेल तर एक, वर्षाने खोलायचं असेल तर दुसरी. एकदा एक गृहस्थ आपली मोटरसायकल घेऊन आले आणि वैतागून म्हणाले, "अहो, कधीच नको खोलायला! असं बसवा की संपलं." भावोजींनी हातातला पाना खाली ठेवला. "कधीच नको असं काही नसतं हो. पुढच्या माणसाला निघत नसेल तर तो बसवणाऱ्याचा दोष." गृहस्थ गाडी घेऊन दुसरीकडे गेले. भावोजींना त्यांचं वाईट वाटलं आणि गाडीचं जास्त वाटलं.

त्या फळीवर एक बाटली लाल नेलपॉलिशची होती. चष्म्याच्या, घड्याळाच्या, शिवणाच्या मशीनच्या बारीक स्क्रूंना तेच बरं, असा त्यांचा शोध होता. ती विकत घ्यायला हा धोतर नेसलेला, मिशा पिकू लागलेला माणूस कमर्शियल स्ट्रीटच्या दुकानात गेला, खिशातून एक स्क्रू काढला, तीन रंग त्याच्यावर लावून बघितले आणि वाळायची वाट बघत तिथेच उभा राहिला. ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. अक्का आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि खरं काय ते कळल्यावर तर आणखीच बोलेनाशी झाली. "माझ्या नखांसाठी आणली असती तर काय अडलं असतं," ती मला म्हणाली. पुढे आमच्या दोन्ही घरांतल्या सगळ्या चष्म्यांना कानाशी एकेक लाल टिकली आली. माझे यजमान तसेच कचेरीत जात. कुणी विचारलं तर 'आमच्यात असतं' म्हणून सांगत.

हे सगळं मी हसत सांगते, पण हा नाद त्यांना लागला तो हसण्यासारख्या गोष्टीतून नाही. त्यांना एकच मुलगी, सुमी. लहानपणीच पोलिओचा ताप आला आणि उजवा पाय गेला. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि मध्ये चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर लागला. बसायचं तर गुडघ्याशी तो वाकला पाहिजे, म्हणून तिथे स्क्रूचा सांधा. एकदा शाळेतून येताना तो स्क्रू गळला आणि पोर भर रस्त्यात तोंडावर पडली. पुढचा दात अर्धा तुटला. तिला कुणीतरी उचलून घरी आणलं. भावोजी धावत गेले ते त्या जागी, आणि अंधार पडेपर्यंत गटारात हात घालून स्क्रू शोधत राहिले. तो काही सापडला नाही. अक्का त्यांच्यावर चिडली की पोरीजवळ बसायचं सोडून हे काय, पण मला वाटतं, पोरीच्या तोंडाकडे बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी, अंघोळ झाली की भावोजी ओसरीवर बसत आणि कॅलिपर मांडीवर घेत. स्क्रू काढायचा, पुसायचा, लाखेचं बोट लावायचं, परत बसवायचा. लाखच का, तर मूल वाढतं, पट्ट्या लांब कराव्या लागतात, सांधा खोलता आला पाहिजे. तेवढा वेळ सुमी पायरीवर पाय पसरून बसे आणि आठवड्यात काय काय झालं ते सांगे. कुठल्या बाई रागावल्या, कोण कुणाशी कट्टी आहे, मैत्रिणीच्या मांजरीला किती पिल्लं झाली. एरवी घरात एक शब्द न बोलणारे भावोजी तेव्हा मध्ये मध्ये "बरं, मग?" म्हणत. दहा मिनिटांचं काम दुपारच्या जेवणापर्यंत चाले. अक्का आतून ओरडे, "सांबार थंड होतंय!" बापलेकी हलत नसत.

साठ सालानंतर कधीतरी विमानाच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरने त्यांना परदेशातून आलेली एक छोटी बाटली दिली. खास स्क्रूसाठीच बनवलेलं चिकट औषध. भावोजींनी ती उजेडात धरली तर अर्धीच भरलेली. बिचाऱ्या इंजिनिअरवर त्यांनी उरलेली अर्धी विकल्याचा आरोप केला. मग कळलं की ती अर्धीच भरायची असते. त्या औषधाला हवा लागत राहिली तर ते पातळच राहतं, आणि आट्यांमध्ये कोंडलं गेलं की दगडासारखं होतं, चांगलं तापवल्याशिवाय सुटत नाही. भावोजींनी एक बोल्ट त्याने बसवला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला तो खोलायला बोलावलं. खाटीक आला, पैलवान आला. बोल्टची मान मोडली, पण तो फिरला नाही. भावोजी इतके हरखले की घरातलं काही त्यांनी सोडलं नाही. आमचा नळ त्यांनी असा बसवला की पुढे नळाचा वायसर बदलायला भिंत फोडावी लागली.

पण सुमीच्या गुडघ्याला लाखच. न राहवून मी एकदा विचारलं, "भावोजी, ती बाटली हिच्या कॅलिपरला का नाही लावत? पुढे कधी लागलंच तर चामडं उतरवून, तापवून निघेल की."

"ती वाढतेय अजून," भावोजी म्हणाले.

सुमी तेव्हा बावीस वर्षांची होती. मी अक्काकडे बघितलं. अक्का तांदूळ निवडत होती, ती तांदळाकडेच बघत राहिली.

त्याच वर्षी सुमीला बेळगावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. राहायची सोय शाळेच्याच वसतिगृहात. सगळे खूश. भावोजी एवढंच म्हणाले, "रविवारी कोण बघणार?" मग रोज तेच. वाटेत सैल झाला तर, जिन्यावर सैल झाला तर, वर्गात मुलींसमोर सैल झाला तर. सुमी म्हणाली, "मी लावीन की लाख. मला येते." त्यांनी तिला लावायला दिली आणि तिने लावलेल्या लाखेत इतक्या चुका काढल्या की ती रडायला आली. शाळा उघडायचा दिवस जवळ येत चालला आणि ट्रंक रिकामीच. मला भीती वाटू लागली की हा माणूस एका स्क्रूवर पोरीचं आयुष्य अडवून बसणार.

शेवटी एका रविवारी ओसरीवर मीही होते तेव्हा सुमीने कॅलिपर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, ती बाटली आणा."

"एक थेंब जास्त झाला तर तो सांध्यात जाईल. गुडघा वाकायचा नाही मग."

"तुमच्या हातून जास्त होईल?"

भावोजींनी कॅलिपर उचलला. त्यांनी सवयीने विचारलं, "परत कधी खोलायचं?"

"नाही खोलायचं, अण्णा. मी आता वाढत नाही," सुमी म्हणाली. "मला तिथे रोज पायाकडे बघत बसायचं नाही. हा आहे हे विसरून मला चालायचंय."

भावोजींनी सांध्यावरची जुनी लाख नखाने खरवडली. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि उठून बाटली घेऊन आले. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्यांनी आटे पुसले, परत पुसले, आणि सुईच्या टोकावर थेंब घेऊन तो अगदी खालच्या आट्यांना लावला. हात जरासुद्धा हलला नाही. स्क्रू आवळून झाल्यावर म्हणाले, "आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही." कॅलिपरशिवाय सुमीला उठता येत नव्हतं. ती तशीच पायरीवर बसून राहिली आणि भावोजी तिच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही आणि त्यांनी 'मग?' म्हटलं नाही. अक्काने दोघांची ताटं ओसरीवरच आणून दिली. उन्हं उतरल्यावर त्यांनी गुडघा वाकवून बघितला. वाकला. स्क्रू फिरवून बघितला. तो हलला नाही. "झालं," ते म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

सुमी गेली. दिवाळीला आली तेव्हा भरली होती, हसत होती, चालताना इकडेतिकडे बघत होती. भावोजींनी चहाच्या आधी स्क्रूड्रायव्हर काढला. स्क्रू जसाच्या तसा. माझे यजमान म्हणाले, "वा, काय काम केलंत!" भावोजी नुसतं "हं" म्हणाले. आपलं काम एकदा तरी फसलेलं त्यांना हवं होतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

त्यानंतर ते रविवारी आमच्याकडे येऊ लागले. बिजागऱ्या बघायचे, खुर्च्या उलट्या करायचे, विचारायचे, "काही सैल झालंय?" काही सैल होणार कुठून, सगळं त्यांनीच बसवलेलं. मग उगाच बसून राहायचे. ते मला बघवेना. मी शनिवारी संध्याकाळीच कपाटाच्या कडीचा, नुसत्या लाखेवर बसवलेला एखादा स्क्रू दोन फेरे उलटा फिरवून ठेवू लागले. त्यांना तो सापडला की त्यांची कळी खुलायची.

एका रविवारी त्यांनी तो स्क्रू निरखून बघितला आणि म्हणाले, "हा आपोआप सैल झालेला नाही. कुणीतरी हाताने फिरवलाय." मी कपाटातले कपडे सारखे करू लागले. त्यांनी स्क्रू आवळला, चिंधीने हात पुसले. लाखेची बाटली त्यांच्या पिशवीतच राहिलेली बघून मी म्हटलं, "भावोजी, लाख लावायची राहिली."

"नको," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी यायचंय."

मी कॉफी करायला म्हणून आत गेले, आणि दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.