आत्याची हाक

घाबरण्याच्या बाबतीत माझ्या आत्याचा हात धरणारं माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडणार नाही. गॅस बंद केला की तो बंद असल्याचं ती शेजारणीकडून वदवून घेते, आणि लिफ्टमध्ये शिरताना आमचा कायमचा निरोप घेतल्यासारखी बघते. घाबरत नाही ती फक्त स्वतःच्या आवाजाला. ठाकुर्लीला गॅलरीतून तिने "अहो" अशी हाक मारली की खालचे यच्चयावत नवरे वर बघतात. बघत नाहीत ते तेवढे आमचे काका, म्हणजे तिचे यजमान. "ऐकू येतं रे मला," ते एकदा म्हणाले, "पण दुसऱ्यांदा मारली की बरं वाटतं."

अशा आत्याच्या थायरॉइडला गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: खालच्या ओठाच्या आतून बारीक छेद घ्यायचे, तिथून कॅमेरा गळ्यापर्यंत न्यायचा आणि गाठीसकट अर्धी ग्रंथी काढायची, गळ्यावर व्रण दिसणार नाही.

"व्रण राहू दे हो," आत्या म्हणाली. "आवाजाचं काय?"

आवाजाची नस ग्रंथीला लागूनच जाते, जपतोच आम्ही, पण क्वचित दुखावते, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

आत्याने लगेच तयारी सुरू केली. मला स्वयंपाकघरात नेऊन ती माझ्या मोबाइलमध्ये हाका भरू लागली. "अहो, जेवायला." "अहो, छत्री राहिली." एक नुसतीच रागावलेली "अहो". "माझा आवाज गेला तर हे लावत जा," ती म्हणाली. "यांना सांगू नकोस, घाबरतील."

ऑपरेशनच्या दिवशी तिने काढून दिलेलं मंगळसूत्र मुठीत धरून काका बाहेर बसले होते. चहा गार झाला तरी मूठ सुटेना. मलाही वाईटसाईट दिसत होतं, म्हणून मी भिंतीकडे बघत बसलो.

गाठ साधी निघाली. आत्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "बोला काहीतरी." आत्याने दारातल्या काकांकडे बघत सुजलेले ओठ हलवले. "अहो" आलं, पण नुसती वाफ. नस दुखावली होती. आवाज परतेल, पण काही महिने जातील, असं डॉक्टर म्हणाले.

घरी मी मोबाइल काढला, तर काकांनी माझा हात धरला; स्वयंपाकघरातल्या हाका त्यांना तेव्हाच बाहेर ऐकू गेल्या होत्या. "ते नको लावूस. हाक मारेल ती स्वतःच."

हल्ली आत्या गॅलरीत येऊन ओठ हलवते. खालचे नवरे आपापल्या कामात असतात. काका मात्र भाजीची पिशवी घेऊन आधीपासूनच वर बघत उभे असतात.