अर्धा विंचू

भिंतींना पोतारा द्यायची माती भिजवली की तिच्या वासाने मला ब्रह्मपुरीच्या शाळेतला हॉल आठवतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. धानाच्या रोवणीत मी चिखलात वाकलेली असताना चित्रकलेचे मास्तर बांधावरून म्हणाले, "बाई, तुमचं चित्र काढू का?" "काढा, पण मी काम थांबवणार नाई," मी म्हटलं. दिवाळीनंतर त्यांनी हॉलमध्ये एकट्याचं प्रदर्शन मांडलं. कागदावर रंगवलेल्या पाठी, मातीचे हात, मातीचे पाय, आणि मधोमध लुगडं गुडघ्यावर खोचून वाकलेली मातीची बाई. तिच्या हातावर बिनशेपटीचा विंचू होता. लहानपणी गोंदताना मी हात ओढून घेतला, म्हणून माझा विंचू अर्धाच राहिला होता. सासू सगळ्यांसमोर ओरडली, "हा तं तुया विंचू हाये वं! त्याच्यापुढी बसली होतीस काय?" "मले काई मालूम नाई. चोरून पायलं असंल त्यानं," मी म्हणाले. मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. त्याच संध्याकाळी प्रदर्शन बंद झालं आणि महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. आता माझी पाठ तशीच वाकली आहे, सरळ होत नाही. ‘काढा’ असं मीच म्हणाले होते, हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलेलं नाही.