शिवलं ते हललं

"गावरा, हात काढ."

"आरं नुसतं शिवलो. बोटाला खाज सुटली हुती."

"मग बोट खाजवायचं, उंट कशाला खाजवतूस? शिवलास, आता हलव."

"हलवला तर माझा वजीर जातोय की!"

"जातोय खरा. लई दिसांचा आजारीच हुता, जाऊ दे."

गावरा मधमाशीवाल्यानं तोझाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि उंट हलवला. तोवर काठ आला. तोझानं पट तसाच, एक मोहरा न हलू देता, बाकाखाली सरकवला आणि तराफ्याची फळी खाली टाकायला उठला.

तोझा म्हणजे स्वेतोझार, आमचा नावाडी. तिसा नदीवर आडवी लोखंडी तार ताणलेली आहे. तिला धरून तराफा पलीकडे न्यायचा आणि परत आणायचा, हाच त्याचा जन्माचा धंदा. वर एक टपरी, टपरीत शेगडी, बाहेर बाक आणि बाकावर बुद्धिबळाचा पट. नदी पार व्हायला लागतो तेवढ्या वेळात चार चाली होतात. समोरचा घाबरट असेल तर दोन.

मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा, हा नेम पटावरचा. आमच्या गावात तो पटावरून खाली उतरून सगळीकडं हिंडतो. बाजारात डुकराचा कान धरलास, डुक्कर तुझं. ताटातल्या तुकड्याला काटा टोचलास, तुकडा तुझ्या पोटात. मागं एकदा सभेत सरपंचानं डास मारायला हात वर केला, तर लोकांनी ठराव मंजूर करून टाकला. ती पाण्याची टाकी अजून उभी आहे, पाण्याशिवाय.

पण या नेमानं बायको मिळालेला माणूस गावात एकच.

तोझाच्या मनात होती ल्युबिंका, इसिदोर सुताराची थोरली. अंगानं भरलेली, हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. धाकटी देसांका काटकुळी आणि तोंडानं फटकळ. मामाला घेऊन तोझा मागणी घालायला गेला. आमच्यात नाणी खोचलेलं सफरचंद पोरीच्या हातात द्यायचं असतं. तिनं घेतलं की ठरलं, पुढचं सगळं जेवण.

आता इसिदोर पडला पटाचा वेडा. बायका आत मुरंब्याच्या वाट्या भरताहेत तोवर त्यानं जावयाला खेळायला बसवलं. तोझाचा डाव बरा चालला होता. सासरा घोडा अडकवून बसलेला. एवढ्यात दार वाजलं, पोरगी आली, मामानं कोपर मारलं. डोळे पटावर ठेवूनच तोझानं सफरचंद पुढं केलं. घेतलं ते देसांकानं. ती रिकामे ग्लास न्यायला आली होती. ल्युबिंका मुरंब्याचं तबक घेऊन तिच्या मागं उभी.

मामा खाकरला. चूक झाली, हसून सोडून द्या, असं म्हणायला त्यानं तोंडही उघडलं. पण इसिदोर पटावरून मान न उचलता बोलला, "शिवलं ते हललं." आणि तोझा म्हणाला, "हललं."

झालं, लग्न लागलं. ल्युबिंका पुढं एका गवंड्याशी लग्न करून जर्मनीला गेली. देसांकानं संसार असा ओढला की तोझाला तराफा ओढण्यापलीकडं दुसरं काही करावं लागलं नाही. दोन लेकी झाल्या, नांदायला गेल्या. सफरचंदाची गोष्ट मात्र गावानं सोडली नाही. प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगणार, सगळे हसणार, देसांकाही हसणार. पटाला तिनं कधी हात लावला नाही. धूळ झटकताना त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवायची.

यंदा तोझाच्या घरी, कुळाच्या संताच्या सणाला, ल्युबिंका आली. नवरा वारलेला, अंगावर जर्मनीचा कोट, हसू तेच. जेवणात तिसरा पेला झाल्यावर टेबलावरून ओरडली, "देसा, चाळीस वर्सं माझंच सफरचंद खातीयास की गं! गोड हाय का आंबाट?"

टेबल हादरलं हसण्यानं. आता तोझा काय बोलतो म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तोझा हाड चोखत होता. म्हणाला, "शिवलं त्ये हललं."

परत हशा. या खेपेला देसांका हसली नाही. तिनं रस्सा वाढला आणि बहिणीला विचारलं, "तुज्याकडं एक पलंग रिकामा हाय का गं?"

"हाय की. चल, हिवाळा काढ माज्याकडं."

"आन् म्होरं?" तोझानं विचारलं.

"बघू," देसांका म्हणाली.

आमच्या गावात बायकांचं 'बघू' हलक्यानं घेत नाहीत. परत कधी येणार म्हणून विचारलं तेव्हा जर्मनीला जाताना ल्युबिंकासुद्धा 'बघू'च म्हणाली होती.

सणानंतर दोघी बहिणी पिशव्या घेऊन काठावर आल्या. मोटार पलीकडून सुटते, आणि पलीकडं न्यायला तोझाशिवाय कोण आहे? त्यानं पिशव्या उचलून आत ठेवल्या, फळी ओढली, तार धरली. वारं बोचरं होतं. ल्युबिंका टपरीत शेगडीला जाऊन चिकटली. बाहेर राहिले तोझा, देसांका, आणि बाकावर आपला डाव बघत बसलेला गावरा. पुढचं सगळं गावराच्या तोंडचं आहे. माणूस मधाला साखरपाणी पाजतो, पण गोष्टीत भेसळ करत नाही.

निम्मी नदी मागं पडल्यावर देसांका म्हणाली, "खरं सांग. त्ये सफरचंद तू चुकून दिलंस का न्हाय?"

"चुकून," तोझा म्हणाला.

गावराला वाटलं, आता ही ह्याला पाण्यात लोटती.

"ब्येस झालं बोललास. म्हंजी म्या तुजी बायकू न्हवंच. एका नेमाची बायकू."

"नेम तुला अर्धाच ठावं हाय."

"माज्या बापानं जलमभर त्योच घोकला. मला शिकवू नगंस."

"शिवलं की हलवाया लागतंय, त्ये खरं. पर कुटल्या घरात ठेवायचं, त्ये हात सुटस्तवर आपल्या मर्जीवर. गावरा, हाय का न्हाय?"

"हाय," गावरा म्हणाला. नको तिथं साक्ष द्यावी लागली म्हणून त्यानं उगाच घोड्याकडं बघितलं.

"म्या सफरचंद म्होरं केलं तवा माजं ध्यान पटावर हुतं. मान वर करून बघतो तर तू. मामा खाकरला. त्ये बी ऐकलं. तू धरलं हुतंस, पर म्या कुटं सोडलं हुतं? आठीव. तुला वडावं लागलं का न्हाय?"

देसांका म्हणाली, "वडलं हुतं. मला वाटलं, लाजतूयास."

"लाजतोय कुटला! बघत हुतो. तुज्या हनवटीला पीठ लागलं हुतं, आन् अशी डोळं वटारून हुबी, हिंमत आसंल तर घे म्हागारी म्हनून. मग सोडलं म्या. दिलं चुकून. सोडलं त्ये चुकून न्हाय."

तराफा काठाला लागत आला. तारेची चाकं कुरकुरली.

"आन् ह्ये सांगाया इतकी वर्सं?"

"तू इचारलं न्हाईस."

"मुडद्या! घड्याळ लावून खेळला आसतास तर कवाच हारला आसतास."

"म्हनून तर घड्याळ लावत न्हाय."

ल्युबिंका टपरीतून बाहेर आली. तोझानं फळी टाकली, पिशव्या काठावर नेऊन ठेवल्या. थांब म्हणाला नाही. देसांकानं आपली पिशवी उचलली आणि चढ चढायला लागली. अर्ध्यात पोचल्यावर वळली.

"मीठ आनून ठेव. डुकरं कापायच्या आदी येती म्या. आन् आतडी धुवाया ह्या गावराला बसवू नगंस, गेल्या साली कुत्र्यानं बी तोंड लावलं न्हाय!"

"आगं, हिवाळाभर म्हनली हुतीस की!" ल्युबिंका म्हणाली. "डुकरं तर हिवाळा लागायच्या आतच कापत्यात."

"म्हनलं हुतं. म्हननं म्हंजी काय शिवनं हाय व्हय?"

मोटार आली, दोघी चढल्या, मोटार गेली. गावरा म्हणाला, "तोझा, चाल तुजी हाय."

तोझाचं लक्ष नव्हतं. काठावर बीटानं भरलेला ट्रॅक्टर तराफ्यावर चढायला कधीचा भोंगा वाजवत होता.

"ये, ये," त्यानं हात केला. "डावीकडं घे. डावीकडं, तुज्या डावीकडं! आजून म्होरं. बास."

आणि वाकून त्यानं चाकाखाली लाकडाची पाचर ठोकली.