गॅस परत आणणारा

आजवर कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. ओझोन वाचवायच्या सरकारी कार्यालयात बसून मी जुन्या फ्रिजांचा गॅस हवेत सोडत होतो.

तो गॅस नारायण पेठेतला एक मेकॅनिक आणायचा. बाकीचे दुरुस्तीवाले सरळ सोडून द्यायचे; हा सिलिंडरमध्ये भरून, सायकलला बांधून आणायचा आणि उभ्याउभ्या आमच्या आंतरराष्ट्रीय ओझोन कराराची सालटी काढायचा.

"गोऱ्यांनी आभाळाला भोक पाडलं, आणि शिकवणी आम्हाला?"

"म्हणूनच गरीब देशांना हा गॅस बंद करायला जास्त मुदत दिलीय," मी म्हणायचो.

लगेच हा बाजू उलटवायचा. "अहो, आभाळाला गरीब-श्रीमंत कळतं होय?"

"मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"दोन्ही खरं. भांडत बसा तुम्ही. मी आणलाय तो घ्या."

परिषदांना जायला आमच्या वरिष्ठांना विमानं होती, गॅस ठेवायला खोली नव्हती. अहवालात मात्र 'सुरक्षित जमा' लिहायचं होतं. तो गेला की मी मागच्या अंगणात सिलिंडरचा कॉक उघडायचो. पुढच्या खेपेला रिकामा सिलिंडर घेताना, साऱ्या जगाला टोमणे मारणारा हा माणूस मला हात जोडायचा.

त्याचं दुकान अजून चालू आहे. तिथे जाऊन त्याला खरं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.