आखाजीच्या आदल्या दिवशी तोताराम नापास झाला

जळगावच्या त्या ऑफिसात संध्याकाळचा चहा झाला की आक्काबाई फिरायला निघायची.

आक्काबाई म्हणजे कुणी बाई नव्हे. दिपमालानं संगणकाच्या काळ्या पडद्यावर ओळीखाली ओळ लिहून रचलेली ती आज्ञांची साखळी होती. जाणकार त्याला शेल स्क्रिप्ट म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये दिवसभरात कुणी कुठे हात घातला असेल, त्यामुळे आधी नीट चालणारं काही बिघडलं तर नाही ना, हे ती रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची. मागच्या बरोबर उत्तराची फाइल आणि आजचं उत्तर समोरासमोर धरायची. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तर लाल अक्षरात ‘नापास’ म्हणून थांबायची. एकदा थांबली की काकुळतीला या, हात जोडा, पुढे सरकायची नाही. म्हणून तर पोरांनी तिचं नाव आक्काबाई ठेवलं. संध्याकाळ झाली की कुणीतरी ओरडायचंच, “चला रे, आक्काबाईचा फेरा आला, आता कुणाचं वाटोळं होतं बघू!”

दिपमालाही हसायची. मग कीबोर्डला हात लावून मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायची आणि एंटर दाबायची.

ती पहूरची. शिक्षण मराठी शाळेत, पुढे जामनेरला कॉलेज. नोकरीला लागली तेव्हा हे सगळं हातानं तपासणं हेच तिचं काम होतं. तेच बटण दाबायचं, तोच आकडा बघायचा, नव्या आवृत्तीला पुन्हा तेच. माणूस कंटाळतो आणि कंटाळला की बघितल्यासारखं करतो, हे तिनं स्वतःवरूनच ओळखलं. महागडं साधन घेऊन द्यायला मालक तयार नव्हते. मग कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या मशीनवर बसून, चुकत माकत, तिनं आक्काबाई जन्माला घातली.

मालक म्हणजे जीवरामनाना. मूळचे जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरून देणारे. आता त्यांची कंपनी शेतातल्या ठिबकसाठी डबा बनवायची. लाईट आली की डब्यातलं सॉफ्टवेअर आधी व्हॉल्व्ह उघडायचं, व्हॉल्व्हनं ‘उघडला’ असा निरोप दिला की मोटर चालू करायचं. पाणी पुरलं की सगळं बंद. आधी व्हॉल्व्ह, मग मोटर. उलटं झालं तर पाणी बंद दारावर धडकतं आणि पाइप फुटतो.

पिंपळनेरच्या तोतारामभाऊंच्या मळ्यात तो गेल्या उन्हाळ्यात फुटलाच होता. त्या आठवड्यात शेतीची लाईट रातपाळीला होती. डब्याची बॅटरी सोलरवरची, अंधारात ती मंदावली, व्हॉल्व्ह उघडायला उशीर झाला, आणि मोटर मात्र सुटली; निरोपाची अट तेव्हा डब्यात नव्हती, ती नंतर आली. पाइप फुटला तो नेमका कांदाचाळीच्या अंगाला. सकाळी बघतात तर साठवलेला कांदा पाण्यात. तोतारामभाऊंनी फोनवर दिपमालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिनं तो निमूट ऐकून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या रात्रीची नोंद जशीच्या तशी आक्काबाईच्या पोटात घातली. त्या चाचणीचं नाव ठेवलं ‘तोताराम’.

ही तिची रीतच होती. ज्याची तक्रार, त्याचं चाचणीला नाव. बोदवडच्या बेबाबाईंच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी मोटर कोरडी फिरत राहिली होती, म्हणून एक चाचणी ‘बेबाबाई’. भूपेंद्र, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा मुख्य माणूस, म्हणायचा, “ताई, जगात लोक चाचण्यांना नंबर देतात.”

“नंबर खोडताना हात थरथरत नाही, भूपेंद्र. नाव खोडून बघ.”

नानांना ही रीत भलतीच आवडली होती. डबा चालू केला की पहिल्याच पानावर ‘तपासणी : दिपमाला, जळगाव’ असं यावं, ही त्यांचीच कल्पना. साक्रीपासून रावेरपर्यंत ते नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात नवी आवृत्ती दाखवायची, असं नानांनी ठरवलं. लाईट आली की एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदमच उठतात, व्होल्टेज पडतं, आणि ज्याची मोटर आधी सुटली त्याचं पाणी भरतं. “आपली मोटर सगळ्यांच्या आधी!” असा मोठा फ्लेक्सही छापून आला होता. भूपेंद्रनं राबून राबून ते साधलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी भरायची होती, म्हणून आक्काबाई सकाळीच फिरली. एकेक चाचणी हिरवी होत गेली. बेबाबाई पास. आणि मग लाल.

तोताराम : नापास.

दिपमालानं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावली. जुन्या उत्तरात आधी व्हॉल्व्हचा निरोप, मग मोटर. नव्यात आधी मोटर. घाई साधण्यासाठी भूपेंद्रनं निरोपाची वाट बघणंच काढून टाकलं होतं. दिवसा निरोप पटकन येतो, म्हणून बाकी सगळं सुरळीत दिसत होतं.

भूपेंद्र खुर्ची सरकवून आला. “ताई, ही चाचणीच जुनी झालीय. आता जिकडे तिकडे दिवसा लाईट मिळायला लागलीय, रातपाळी राहिलीय कुठे? आजचं उत्तर जुन्या उत्तराच्या फाइलवर कॉपी करा. एका ओळीचं काम. होईल हिरवं.”

“म्हणजे पोरगं नापास झालं म्हणून उत्तरपत्रिका तपासायचा कागदच बदलायचा?”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे. रातपाळी राहिली नाही हे पिंपळनेरला फोन करून विचारलंस?”

भूपेंद्रनं विचारलं नव्हतं. तो मान खाजवत राहिला. वाईट पोरगा नव्हता तो. गेले कित्येक दिवस नीट जेवलाही नव्हता.

तेवढ्यात नाना आले. नवा सदरा, कपाळाला गंध. लाल अक्षरं बघून म्हणाले, “एकच ना? करून टाक हिरवं, पोरी. गाडी भरायचीय.”

“नाना, हे रंगकाम नाही. मोटर आधी सुटतेय. तुम्ही मोटरीतले माणूस, तुम्हाला मी काय सांगू?”

“अगं, प्रदर्शनात कुठे पाइप फुटतोय? लोकांना दाखवू, डीलर गाठू. मागाहून दुरुस्त करू. आखाजी आहे उद्या! साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. तू एवढी देवधर्माची बाई, तुला कळू नये?”

“कळतं म्हणूनच सांगते. मुहूर्त देवाचा आहे, नाना. खोटं आपलं आहे. त्याचं खापर देवावर का फोडायचं?”

नानांचा चेहरा तापला. “फार झालं हं! तू जा माहेरी, आखाजी खेळ. भूपेंद्र करेल कॉपी.”

“करू दे. मालक तुम्ही आहात. पण आधी पहिल्या पानावरचं माझं नाव खोडा. न तपासलेल्या मालाखाली माझं नाव जाणार नाही.”

“खोडायला कितीसा वेळ लागतो? आणि ऐक, तिथलं नाव खोडलं तर ते पगारपत्रकावरूनही खोडलं जाऊ शकतं.”

“खोडा,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. नवऱ्याचं दुकान नुकतंच कुठे मार्गी लागलं होतं. ही नोकरी गेली तर काय, हे तिला न कळायला ती काही आभाळातून पडलेली नव्हती. तिनं पिशवी उचलली, जेवणाचा डबा घेतला, आणि निघताना पडदा बंद केला नाही. लाल अक्षर तसंच ठेवून गेली. ज्याला पुसायचं त्यानं स्वतःच्या हातानं पुसावं.

बस पहूरला पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई, प्रमिलाबाई, बाजारात निंबा कुंभाराच्या पुढ्यात बसली होती. आखाजीला पितरांसाठी नवी घागर भरायची असते. आई एकेक घागर कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवत होती. टण्ण आवाज आला की बरी, बद्द आला की बाजूला.

निंबा कुरकुरला, “काकू, माझ्या बापापासून आमच्याकडूनच घेता. दरवर्षी काय वाजवता?”

“बाप तुझा सोन्यासारखा होता रे,” आई म्हणाली, “पण घागर यंदाची आहे ना?”

दिपमाला तिथेच उन्हात उभी राहून खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आईनं वळून बघितलं. “काय गं, हसायला काय झालं? आणि तोंड का सुकलंय?”

“काही नाही. माझी नोकरी काय आहे, ते आत्ता कळलं.”

घरी जाताना तिनं आईला सगळं सांगितलं. आईला सॉफ्टवेअर कळलं नाही, पण गळकी घागर भरून पितरांसमोर ठेवायला कुणीतरी सांगत होतं, एवढं नीट कळलं. “नाही ठेवलीस ना? मग झालं. नोकरीचं बघता येईल. पितर काय म्हणतील ते नंतर बघता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी घागर भरली, तिच्या तोंडाशी खरबूज ठेवलं, आमरस-पुरणाचा नैवेद्य झाला. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. दिपमाला झोक्यावर बसणार तेवढ्यात फोन वाजला. नाना. धुळ्याहून.

“झालं तुझं समाधान?” नाना कडाडले.

“काय झालं नाना?”

“तुझा तो तोताराम! पिंपळनेरहून सकाळीच येऊन स्टॉलवर उभा. डबा चालू केला, पहिलं पान बघितलं, आणि सगळ्या डीलरांसमोर मला विचारतो, ‘नाना, ताईनं नाव कोठे गयं? रातले लाईट येस तव्हय हाई चालस का? ताईनी तपासं नही का?’ तुझं नाव कुठे गेलं, रात्री चालतं का, सगळं तिथंच!”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

पलीकडे प्रदर्शनाचा भोंगा वाजत होता.

“काय सांगणार? सकाळी बापाच्या नावानं घागर भरून निघालो होतो घरून. जीभच उचलेना. नाही तपासलं, म्हटलं. तर तो म्हणतो, ‘मंग हाई मना मळामा नको.’ माझ्या मळ्यात नको म्हणे! आणि गेला तिकडे शेवभाजी खायला! डीलरही पांगले. नवा डबा टेबलाखाली ठेवला. जुनाच दाखवतोय. फ्लेक्सवर ‘सगळ्यांच्या आधी’, आणि डबा मागच्या सालचा. लोक हसताहेत. तुझ्यामुळे माझा मुहूर्त हुकला, दिपमाला!”

“मुहूर्त हुकला, नाना. पाइप तर नाही ना फुटला?”

“तोंड वर करून बोलू नकोस!” नानांनी फोन आपटला. सोमवारी ये की नको, त्यातलं काहीच ते बोलले नाहीत.

ती सोमवारी गेलीच. कुणी बोलावलं म्हणून नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं म्हणून. डोळे तांबारलेला भूपेंद्र तिचीच वाट बघत होता. “ताई, केलं दुरुस्त. मोटर निरोपाची वाट बघते आता. तरीही आधीपेक्षा लवकर सुटते. आक्काबाई पास म्हणतेय, बघा.”

तिनं आधी आक्काबाईकडे बघितलंच नाही. आधी जुन्या उत्तराची फाइल उघडली. कुणी हात लावला नव्हता. मग तिनं भूपेंद्रची दुरुस्ती मुद्दाम काढली, आणि फेरा सोडला. तोताराम नापास. दुरुस्ती परत घातली. तोताराम पास.

“विश्वास नाही माझ्यावर?” भूपेंद्र हिरमुसला.

“तुझ्यावर आहे रे. डबा यंदाचा आहे ना?”

नाना दारात येऊन उभे होते. राग उतरला नव्हता, तसा तो त्यांचा आठवडाभर उतरतही नसे. “पहिल्या पानावर नाव घाल तुझं परत,” ते भिंतीकडे बघून म्हणाले. “आणि यापुढे माझा मुहूर्त हुकता कामा नये, ही माझी तक्रार समज.”

“तक्रार ना? लिहून घेते,” म्हणत दिपमाला खुर्चीवर बसली आणि भराभर टाइप करू लागली. जुन्या उत्तरांच्या फाइलींना आदल्या दिवसापासून कुणी हात लावलाय का, हे नवी चाचणी सगळ्यांच्या आधी बघणार होती. लावला असेल, तर आक्काबाई पहिल्याच पावलावर फतकल मारून बसणार, आणि कुणाचाही मुहूर्त असो, पुढचा डबा बनणारच नाही. हात लावणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव आणि कारण लिहायचं, मगच पुढे.

संध्याकाळी चहा झाला. आक्काबाई फिरायला निघाली. पडद्यावर पहिली ओळ उमटली, तशी ऑफिसभर खसखस पिकली. नाना चष्मा सावरत पुढे आले.

जीवराम : पास.

“हे काय आहे?” नाना गरजले.

“ज्याची तक्रार, त्याचं नाव,” दिपमाला म्हणाली. “आपली रीतच आहे, नाना. आणि तुम्ही पास झालाय आज. उद्याचं उद्या बघू.”