आत्ती कशाला हसली

हे मी अजून कुणापुढं उघडं केलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला तर नाहीच. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मला विचारू नका. तुम्ही माझं काय वाकडं करणार आहात, हेही एक कारण असेल.

मी चांगली मुलगी नव्हते. बारीकसारीक खोड्या काढणारी नव्हे — खरंच वाईट. हुशार आणि वाईट.

आमच्या घरात शालनआत्ती होती, वडिलांची धाकटी बहीण. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणंही नव्हतं. मी तेरा वर्षांची, ती सत्तावीस. तिच्या घरातल्या खुणा होत्या — आबांसाठी, म्हणजे आजोबांसाठी, मिशी, आईसाठी कपाळावर टिकली, माझ्यासाठी हवेतली एक वेणी ओढायची. त्या खुणा मला सगळ्यांत जास्त यायच्या, कारण तिचा सगळा दिवस माझ्यात जायचा. माझ्या वेण्या ती घालायची. डबा ती भरायची. शाळेच्या ड्रेसला इस्त्री, बुटांना पॉलिश, अगदी माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा. मी फक्त पाय पसरून बसायची. प्रेम वगैरे म्हणाल तर — नाही, मला ती कामापुरती लागायची. आज सरळच सांगते.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. केबलवर तेव्हा पोरांसाठी एक कार्टून लागायचं, रोज दुपारी साडेचारला. शेवटी गोल-गोल, काठ्या-काठ्यांची अक्षरं यायची. केबलवाला म्हणाला, कोरियाचं हाय. एक बेडूक आणि एक बोकड. बेडकाची शेवयांची गाडी, आणि बोकड येऊन काहीतरी खाऊन जायचा — छत्री, पाटी, एकदा तर गाडीचं चाक. त्यात कुणी बोलायचं नाही. नुसतं आपटणं, पळणं, गाल फुगवणं.

आत्तीला ते कळायचं — सगळंच्या सगळं. बाकीच्या मालिकांत ती आमच्या तोंडाकडं बघून हसायची, आम्ही हसून झाल्यावर. इथं मात्र ती आमच्याबरोबर हसायची, कधीकधी आमच्या आधी. आणि काय हसायची. तिला स्वतःचा आवाज ठाऊक नव्हता ना, त्यामुळं हसणं एकदम फुटायचं, मोठं, घोगरं, मांडीवर थापा मारत. माझ्या मैत्रिणी घाबरायच्या. मी त्यांना वर्गात त्या हसण्याची नक्कल करून दाखवायची. पोरी लोळायच्या. मला ते फार आवडायचं.

मग नेसरीहून स्थळ आलं. माणूस बिजवर, बायको तापात गेलेली, चार वर्षांची एक मुलगी. घरचं दूध, थोडा ऊस, पक्कं घर. आत्तीला ऐकू येत नाही हे मध्यस्थानं सांगितलंच होतं आणि त्याला त्याची हरकत नव्हती. सत्तावीस वर्षांत असं पहिलंच स्थळ. मध्यस्थ फक्त एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता — "डोस्क्यानं बरी हाय न्हवं?" आबा दर वेळी सांगायचे, सोन्यासारखी आहे. आईनं मला बजावलं की पाव्हणे असेपर्यंत टीव्ही बंद, आत्ती हसायला लागली तर लोकांना काय वाटेल.

म्हणजे काय करायचं ते आईनंच मला शिकवलं, असं म्हणू का? नाही. तिनं सांगितलं ते टाळायला. करायचं ते मीच ठरवलं.

कारण आदल्या दिवशी आई सहज बोलून गेली होती — शालन गेली की तुलाच सगळं बघावं लागेल, आता मोठी झालीस. बस्स, एवढंच. मी रात्रभर चरफडले आणि सकाळी उठून आत्तीनं घातलेल्या वेण्या घालून शाळेला गेले.

पाव्हणे चारला आले. तो, त्याची बहीण आणि एक म्हातारे चुलते. सोप्यात सगळे पाव्हणे टीव्हीकडं पाठ करून बसले, आबा आणि वडीलही त्यांच्याच ओळीत. आत्ती समोरच्या खुर्चीवर — तिचं तोंड टीव्हीकडं. ही मांडणी कुणाची? माझी. खुर्च्या मीच लावल्या होत्या. चॅनेलही लावून ठेवलं होतं, आवाज बंद करून. आई आत चहाच्या गडबडीत. मी आत्तीच्या मागं स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, रिमोट ओढणीखाली.

तिनं पोहे दिले. पाटीवर नाव लिहून दाखवलं. भरतकाम दाखवलं. पाव्हण्यांची बहीण खूश दिसली. तिनं आत्तीच्या दंडाला हात लावला, पदर सारखा केला. आत्ती मान खाली घालून बसली होती, कान लाल झालेले. साडेचार वाजले. मी बटण दाबलं.

उजेड पडला तशी तिनं मान वर केली. पहिल्यांदा तिनं ओठ आवळले, हे मी सांगायलाच हवं. तिनं खूप आवळले. मग बोकडानं काहीतरी खाल्लं असावं, आणि ती फुटली.

घोगरं, मोठं, मांडीवर थापा. पाव्हणे दचकले. मागं वळून बघतायत तोवर मी टीव्ही बंद केला होता. त्यांना काळी काच दिसली आणि समोर काहीच नसताना हसणारी बाई. ती हसू थांबवू शकत नव्हती, आणि सगळे असे का बघतायत हे कळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होती. बहिणीनं पोह्याची बशी खाली ठेवली. कळवतो म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर आत्तीनं सांगितलं की. गाल फुगवले — बेडूक. टीव्हीकडं बोट. मग हवेतली वेणी ओढली. घरात सगळ्यांना ती खूण येत होती. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "टीव्ही बंद होता आबा. तिला काहीतरी भास झाला." तिनं पुन्हा वेणी ओढली, जोरात, दोनदा. आबांनी तिच्या तोंडात मारली. सत्तावीस वर्षांच्या लेकीच्या. मी तिथंच उभी होते. मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं, कारण सुटले होते.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी हे कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पोरकटपणा म्हणून खपून गेलं असतं.

आठवड्यानं तो माणूस परत आला. एकटाच. घरचे लग्नाला गेले होते, आत्ती गच्चीवर सांडगे घालत होती, आणि मी दारात. आत या म्हणायचं मला सुचलं नाही. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

"बाळ, त्या दिवशी तुमचा टीव्ही चालू व्हता काय गं?" त्यानं विचारलं. "मला उजेड पडल्यागत वाटलं. आमची बारकी ते बेडकाचं बघून अशीच हसती. आई गेल्यापासनं तेवढ्यालाच हसती."

मी दाराची कडी चाळवत राहिले.

"बहीण न्हाय म्हणती. पर मला वाटलं, टीव्ही बघून हसली असंल तर बरंच की. घरात हसणारं माणूस पायजे."

एक शब्द होता. व्हय. आणि तो विचारत तर किती सोप्या भाषेत होता! मी तोंड पाडलं — मला येतं ते, अजूनही येतं — आणि म्हणाले, "टीव्ही बंद होता. आत्ती भिंतीकडं बघून पण हसते. रात्रीची पण."

त्यानं हातातली टोपी एकदा झटकली. मग टोपी घातली.

"बरं," म्हणाला. "मी आलतो म्हणून तिला सांग."

मी वर गेले. आत्ती हात पिठात घालून बसली होती. तिनं मानेनंच विचारलं, कोण होतं? मी हात हलवला — कुणी नाही.

त्यानंतर दुसरं स्थळ आलं नाही. साडेचार वाजले की आत्ती उठून मोरीत भांडी घासायला बसायची. बेडूक कधी बंद झाला तेही तिला कळलं नसेल. माझ्या दहावीपर्यंत माझा डबा तिनंच भरला. माझ्या लग्नात माझी हळद तिनंच कुटली. आबा गेले, वडील गेले, आता ती आणि आई दोघीच त्या घरात आहेत, आणि आईचं सगळं तीच करते. मी दिवाळीला जाते, चार दिवस राहते, आणि तिच्या हातचं खाऊन येते.

तिला वाटतं, ती हसली म्हणून ते गेले आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही. वीस वर्षं तिला हेच वाटतंय. पाव्हणा, परत, आला, तुझ्यासाठी. चारच खुणा आहेत. मला चारही येतात.